जुना फोटो 'सुंदर' करून देत नाहीत, म्हणूनच इथे जा

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळ बोळात पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे, जुने फोटो स्कॅन आणि दुरुस्त करून देतात. सविस्तर लिहितेय कारण यांच्यामुळे आमच्या घरातला ऐंशी वर्षांचा एक प्रश्न सुटला, निदान अर्धा तरी.

आजीच्या ट्रंकेत एक फ्रेम होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला ग्रुप फोटो, मागे रंगवलेला पडदा, खुर्चीवर पागोटं घातलेले खापरपणजोबा, बाजूला नऊवारीतल्या दोन बायका, खाली मांडी घालून बसलेलं एक पोरगं आणि मागे उभे तिघं मिलिटरीतले. मधले आमचे थोरले पणजोबा, मराठा पलटणीत होते, एवढं घरात सगळ्यांना माहिती. बाजूचे दोघं कोण ते कुणालाच सांगता येईना. वडिलांची आत्या आता ८६ वर्षांची आहे, तिला विचारलं तर म्हणाली, "पाव्हणे असतील गं, तेव्हा घरात कोण कोण यायचं."

आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. त्यांनी एआयवर टाकून दोन तासात रंगीत फोटो हातात दिला, दिसायला एकदम झकास, पण आत्याआजीला दाखवला तर ती थोरल्या पणजोबांनाच ओळखेना! डोळे मोठे केलेले, नाक सरळ केलेलं, सगळ्यांची कातडी सिनेमातल्यासारखी गुळगुळीत. माणूस ओळखायचाय तर असा फोटो काय कामाचा? ते सॉफ्टवेअर जिथे दिसत नाही तिथे स्वतःच्या मनाने चेहरा भरतं, हे मला या दुकानातल्या काकांनी समजावलं. ते म्हणाले, "ताई, भिंतीवर लावायचा असेल तर मी पण चकचकीत करून देईन, पण माणूस शोधायचा असेल तर आहे तसाच राहू द्या, डाग सुद्धा."

फोटो काचेला चिकटलेला होता. तो ओढून काढायचा नाही, वरचा थर काचेबरोबर निघून येतो आणि मग चेहरेच जातात, हे त्यांनी फ्रेम हातात घेतल्या घेतल्या सांगितलं. त्यांनी फक्त मागचा पुठ्ठा सोडवला आणि पुढून काचेसकट मोठ्या कॅमेऱ्यावर दोन्ही बाजूंनी लाईट लावून फोटो घेतले. पुठ्ठा निघाला तर मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं! नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, त्यांनी खोलीतला लाईट बंद करून एका बाजूने तिरपी बॅटरी धरली तर पेन्सिलीने कागद जिथे दाबला गेला होता त्या खाचा उठून दिसायला लागल्या. मोडी लिपी होती. मी तिथेच खुर्चीवर बसले.

घरी येऊन त्यांनी दिलेली मूळ मोठी फाईल (टिफ) लॅपटॉपवर झूम केली तेव्हा काय काय दिसलं. थोरल्या पणजोबांच्या बाहीवर दोन फिती, म्हणजे हुद्दा नाईक. डावीकडच्याच्या बाहीवर एकच, लान्स नाईक. पणजोबांच्या छातीवर पदकाची रिबन, मधोमध जाड गडद पट्टा आणि दोन्हीकडे बारीक रेघ. आमच्या शेजारी देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड सुभेदार राहतात, ते म्हणाले आफ्रिका स्टारची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या आफ्रिकेतल्या मोहिमेच्या पदकाची दिसतेय आणि तो स्टार १९४३ मध्ये जाहीर झाला. म्हणजे घरात जे सांगायचे की फोटो लढाईवर जायच्या आधीचा, ते चूक. हा परत सुट्टीवर आल्यावरचा फोटो आहे.

मोडी वाचायला मात्र वेळ लागला. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदी शोधायची धावपळ झाली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना फुरसतच नाही. शेवटी ओळखीतल्या एका मास्तरांनी वाचून दिलं, उजवीकडच्या माणसाचं नाव, आडनाव आणि पुढे एकच शब्द, "साडू". मी तो शब्द वाचून दाखवल्यावर आत्याआजी ताडकन उठून बसली. थोरली काकी, म्हणजे थोरल्या पणजोबांची बायको, लवकर वारली आणि तिच्या माहेराशी येणं-जाणंच तुटलं, पण काकीची बहीण निफाडकडे दिली होती हे तिला आठवलं, गावाचं नावही आठवलं. साडू म्हणजे त्या बहिणीचा नवरा, आणि आम्ही इतकी वर्षं सगळं शोधत होतो आमच्याच आडनावात!

मग पंचवटीत गेले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे वह्या असतात, अस्थी घेऊन कोण आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, सगळं पिढ्यानपिढ्या लिहिलेलं. आमच्या गुरुजींकडे ते गाव नव्हतं, त्यांनी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पाठवलं. अर्ध्या तासात तेच नाव निघालं आणि खाली अलीकडच्या नोंदीत त्यांच्या नातवाची सही आणि मोबाईल नंबर. फोन केला, फोटो पाठवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कपाळावर डावीकडे खोक आहे का?" लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं म्हणे. आहे! इथल्या फाईलमध्ये स्पष्ट आहे, आणि त्या आधीच्या रंगीत फोटोत ती खोक साफ पुसून टाकलेली, मी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

बाकी दुकानाबद्दल, जिना अरुंद आणि अंधारा आहे, वयस्कर माणसाला नेऊ नका. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. मूळ फाईल पेनड्राइव्हवर मागून घ्या, व्हॉट्सॲपवर नको, तिथे साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक तपशील निघून जातात.

तो डावीकडचा लान्स नाईक अजून सापडलेला नाही. त्याचं नाव जिथे लिहिलंय तिथेच पुठ्ठ्याचा डिंक लागलाय. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर महायुद्धांत प्राण गेलेल्या सैनिकांची नावं फुकट शोधता येतात, काही नोंदींमध्ये वडिलांचं नाव आणि गावही असतं, पण शोधायला आधी नाव तर पाहिजे. काका म्हणाले दिवाळीनंतर गर्दी कमी झाली की फ्रेम परत आणा, वेगळ्या लाईटमध्ये बघू. आत्याआजी दर दोन दिवसांनी विचारते, कधी जाणार म्हणून.