कपाटात नव्याने आलेले तीन खेळ

पावसाळ्यात संध्याकाळी बाहेर पडणे होत नाही, म्हणून गेल्या दोन महिन्यांत मी माझ्या संग्रहात ‘अझूल’, ‘विंगस्पॅन’ आणि ‘हाइव्ह’ या तीन बोर्डगेमची भर घातली. तिन्ही खेळांची कीर्ती जुनी आहे. माझ्या कपाटात मात्र ते उशिरा आले.

सर्वाधिक खेळला गेला तो मिखाएल कीसलिंग यांचा ‘अझूल’. २०१७ साली बाजारात आलेल्या या खेळाला २०१८ साली जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पोर्तुगीज राजवाड्याची भिंत चकचकीत फरशांनी सजवायची, ही त्यातील कल्पना. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेतील निळ्या फरशांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ती ओळखीची वाटेल. पाच रंगांच्या एकूण शंभर फरशा कापडी पिशवीत असतात. त्या चांगल्या जाड आहेत आणि पिशवीत हात घातला की त्यांचा खळखळाट ऐकूनच खेळावेसे वाटते. गोल चकतीवरील चार फरशांपैकी एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या आणि घेतलेल्या आपल्या पटावरील एकाच ओळीत मांडायच्या, एवढाच नियम. ओळीत न मावलेल्या फरशा पटाच्या तळाशी असलेल्या ‘जमिनी’वर पडतात आणि गुण कापले जातात. आईला हे दहा मिनिटांत समजले. दुसऱ्याच डावात तिने मधल्या ढिगातील पाच काळ्या फरशा मुद्दाम माझ्यासाठी शिल्लक ठेवल्या. माझ्या ओळीत जागा एकच होती, त्यामुळे चार जमिनीवर गेल्या आणि माझे सहा गुण वजा झाले. दिसायला हा खेळ सोज्वळ आहे, पण खोडी काढायला त्यात भरपूर वाव आहे. उणीव एकच: गुणांची नोंद ठेवणारा चौकोनी ठोकळा सपाट पुठ्ठ्यावर नुसता ठेवलेला असतो आणि हाताचा धक्का लागला की सरकतो.

‘विंगस्पॅन’बद्दल माझे मत थोडे संमिश्र आहे. आपल्या रानात पक्षी वसवायच्या, एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या या २०१९ सालच्या खेळातील १७० पक्षी-पत्त्यांपैकी एकही दुसऱ्यासारखा नाही. पत्त्यावर पंखांचा विस्तार सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो आणि तो केवळ माहितीसाठी नसतो: शिकारी पक्ष्याची पाळी आली की गड्डीतील वरचा पत्ता उलटून, तो पक्षी ठरावीक मापापेक्षा लहान असेल तरच शिकार साधते. असे तपशील जागोजागी आहेत. मात्र चार फेऱ्यांत खेळाडूला अनुक्रमे आठ, सात, सहा आणि पाच चाली मिळत असल्याने, आपल्या पक्ष्यांची घडी नीट बसू लागते तोच डाव संपतो. शिवाय प्रत्येक जण आपापल्या रानात गुंतलेला असल्याने समोरच्याशी झुंज अशी होत नाही. पत्ते उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांचे आहेत. पक्षीनिरीक्षणाची आवड असलेल्या आणि दोघांतच खेळणाऱ्या घराने स्वतंत्रपणे खेळता येणाऱ्या आशिया आवृत्तीचा आधी विचार करावा. माझा खोका विक्रेत्याने साध्या पिशवीतून पाठवल्यामुळे त्याचा एक कोपरा चेपून आला आणि दोन पत्ते दुमडले. तक्रारीला अद्याप उत्तर नाही.

‘हाइव्ह’ला पट लागत नाही. प्रत्येकी अकरा षटकोनी सोंगट्या, त्यांवर मुंग्या, टोळ, कोळी, भुंगेरे आणि एक राणीमाशी. समोरच्याची राणी सहाही बाजूंनी वेढली गेली की जिंकलो. सोंगट्या जड असल्याने रेल्वेतील छोट्या टेबलावरही त्या जागच्या हलत नाहीत. यात नशिबाचा भाग अजिबात नाही, त्यामुळे नवख्याला सरावलेल्या खेळाडूसमोर बसवू नये. मी माझ्या पुतण्याकडून सलग सहा डाव हरलो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मुंगीनेच माझी राणी कोंडली.