बंड्याची खाज आणि ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, आठ महिन्यांनंतर

आमचा बंड्या म्हणजे लॅब्रॅडॉर, वय पाच, वजन ३२ किलो, मुक्काम डोंबिवली, तिसरा मजला. मागच्या दोन पावसाळ्यांत त्याने खाजवून खाजवून काखा आणि पोट अक्षरशः सोलून काढलं होतं, पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झालेले, कानातून तपकिरी मळ, आणि अंगाला ओल्या सतरंजीसारखा वास. रात्री दोनला पाय फरशीवर आपटायचा टकटक आवाज सुरू झाला की सगळं घर जागं. अ‍ॅलर्जीवरचं सेट्रिझीन देऊन झालं, काडीचा फरक नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने खाज थांबायची पण तो बादलीभर पाणी प्यायचा, घरात सू करायचा आणि चोवीस तास भुकेला, शिवाय स्टेरॉइड वर्षानुवर्षं चालवणं बरं नाही हे डॉक्टरच म्हणाले.

मग फेब्रुवारीत ओक्लासिटिनिब, म्हणजे कुत्र्यांची अ‍ॅलर्जीची खाज दाबणारं औषध, सुरू केलं. १६ मिलिग्रॅमची एक गोळी, पहिले १४ दिवस सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून एकदा. पहिल्याच रात्री तो झोपला, म्हणजे खरंच झोपला, घोरत. मी दोनदा उठून बघितलं श्वास चालू आहे ना. मला वाटलं सुटलो एकदाचे.

पंधराव्या दिवशी एकच गोळी झाली आणि तीन दिवसांत टकटक परत. मी रडकुंडीला आले, डॉक्टरांना म्हटलं दोनदाच चालू ठेवू ना. ते म्हणाले नाही, चौदा दिवसांच्या पुढे दोनदा द्यायचं हे औषध नाही. त्यांनी काखेत सेलोटेप चिकटवून काढली, मायक्रोस्कोपखाली बघितली, तर यीस्ट (बुरशीचाच एक प्रकार) भरलेलं. गोळी अ‍ॅलर्जीची खाज दाबते, यीस्टची नाही. बऱ्याच जणांना गोळी फेल गेली असं वाटतं तेव्हा खाली इन्फेक्शनच असतं म्हणे. आणि मी बया रोज प्रेमाने खोबरेल तेल चोळत होते! हे यीस्ट तेलावरच पोसतं. नारळ फोडून त्यालाच नैवेद्य दाखवल्यासारखं झालं की.

तेव्हापासून जंतू आणि बुरशी मारणारा क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलवाला शाम्पू, आधी आठवड्यातून दोनदा, आता एकदा. मला विचाराल तर अर्धं काम या आंघोळीने केलंय, पण त्याचं कौतुक कोणी करत नाही कारण ती कंटाळवाणी आहे. फेस लावून दहा मिनिटं थांबायचंच, लगेच धुतलं तर शाम्पू वाया. ती दहा मिनिटं ३२ किलोचा फेसाळ कुत्रा बाथरूममध्ये धरून ठेवणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आमचे हे दारात पाय अडवून बसतात आणि मोबाईलवर टायमर लावतात. पाणी कोमट, गरम नाही. नंतर बोटांच्या बेचक्या टॉवेलने पूर्ण कोरड्या करायच्या, पावसाळ्यात तर फिरून आल्यावर दर वेळी.

खाण्याचं प्रकरण वेगळंच. खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे बघायला डॉक्टर म्हणाले आठ आठवडे त्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं एकच प्रोटीन द्या, दुसरं काही म्हणजे काहीही नाही. बंड्याने मटण कधी खाल्लं नव्हतं, म्हणून उकडलेलं मटण आणि रताळं, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही. आमच्या ह्यांच्या ताटात शेपू आणि बंड्याच्या ताटात मटण, ते चेहरे बघण्यासारखे होते. तिसऱ्या आठवड्यात काही सुधारणा दिसेना म्हणून मी शोध लावला, तर सासूबाई रोज चहासोबत त्याला मारी बिस्कीट देत होत्या. म्हटलं आई, अहो असं कसं, तर म्हणे, "अगं लेकरू तोंडाकडे बघतं गं, एका बिस्किटाने काय होतंय!" झालं, पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे. गोचिडांसाठीची मांसाच्या चवीची गोळीही डॉक्टरांनी तेवढ्यापुरती बदलून मानेवर टाकायचे थेंब दिले. शेवटचे दोन आठवडे त्यांनीच ओक्लासिटिनिब बंद करायला लावलं, खरा फरक कळावा म्हणून. खाज बरीच कमी होती, पूर्ण गेली नव्हती. मग चिकन देऊन बघितलं आणि चौथ्या दिवशी कान लालभडक. चिकन कायमचं बंद. उरलेली खाज धूळ, गवत, बुरशी यांची, म्हणून गोळी परत सुरू, दिवसाला एक.

त्रास म्हणाल तर सुरुवातीला तीन दिवस पातळ शी झाली, पाचव्या महिन्यात ओठावर चामखीळ आली, ती डॉक्टरांनी बघून ठेवलीये. रक्ततपासणी आत्तापर्यंत दोनदा केली, दोन्ही ठीक. वर्षाच्या आतल्या पिल्लाला ही गोळी देत नाहीत, गंभीर इन्फेक्शन किंवा कॅन्सर असेल तरी नाही, त्यामुळे शेजारच्याच्या चिठ्ठीवर कृपा करून आणू नका. किंमत मात्र बोचते. आमच्या घरचं महिन्याचं दुधाचं बिल त्यापुढे फिकं पडतं.

सासूबाईंनी बिस्किटाची भरपाई म्हणून आता महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर रोज बंड्याच्या खाजेला दहापैकी मार्क द्यायचं काम घेतलंय, आणि डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो. फेब्रुवारीत नऊ-दहा असायचे. काल तीन होते. परवा सहा, पण ते मी दिवाळीच्या सफाईला माळ्यावरच्या जुन्या गाद्या खाली काढल्या आणि हा गाढव त्यांवरच जाऊन लोळला म्हणून.