नॅटामायसिन ५% थेंब: औषध पक्कं, वापर किचकट

उसाचं पातं नाहीतर भाताचं तूस बुबुळाला लागतं आणि काही दिवसांत पिसासारख्या विस्कटलेल्या कडांचा पांढरट डाग दिसू लागतो. खरवडून काढलेल्या नमुन्यात बुरशीचे धागे सापडले की चिठ्ठीवर पहिलं नाव बहुधा नॅटामायसिन या बुरशीविरोधी थेंबांचंच असतं. ते योग्यच आहे. दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुनं औषध व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरलं. फ्युजेरियम बुरशीत तर फरक ठळकच होता.

पहिली तक्रार बाटलीबद्दल. हे पाण्यासारखं द्रावण नाही, पांढरा गाळ तळाशी बसतो. न हलवता टाकलं तर आधी नुसतं पाणी पडतं आणि शेवटी दाट चुना. प्रत्येक वेळी नीट हलवायचं, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, टोक पापणीला लागू द्यायचं नाही. दुसरे थेंब असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं सोडायची.

पहिले ३-४ दिवस दर तासाला किंवा दोन तासांनी, पुढे दिवसातून ६ ते ८ वेळा, एकूण साधारण १४ ते २१ दिवस. खोल जखमेला याहून जास्त लागतात. पापणीच्या कडेला किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला बुरशी असेल तर ४ ते ६ वेळा पुरतं. ५ मिलीच्या बाटलीत ढोबळमानाने शंभर थेंब धरा. तासातासाला टाकताना ती आठवडाभरही पुरत नाही, तेव्हा दुसरी आधीच आणून ठेवा. रात्रीचा डोस चुकवणं हीच सगळ्यात मोठी चूक.

खरी उणीव खोलवर पोचण्याची. औषध बुबुळात फारसं मुरत नाही, म्हणून डॉक्टर वरचा थर अधूनमधून खरवडतात. डाग खोल गेला असेल तर या एकट्यावर भागत नाही. कँडिडासारख्या यीस्टवर (एकपेशीय बुरशीवर) अँफोटेरिसिन बी ०.१५% हे दुसरं बुरशीविरोधी औषध जास्त भरवशाचं. जखमेवर औषधाचाच पांढरा थर साचतो. तो पाहून आजार वाढला असं घाबरू नका, तपासताना डॉक्टर तो पुसून बघतात. दुखणं कमी होणं आणि विस्कटलेल्या कडा गोलसर होणं ही सुधारणेची खूण.

मेडिकलमध्ये ‘लाल डोळ्याचे थेंब’ मागितल्यावर मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, बुरशी मात्र आत पसरते. तसे थेंब आधी टाकले असतील तर डॉक्टरांना नावासकट सांगा, रिकामी बाटलीच न्या. उपचार चालू असताना कॉन्टॅक्ट लेन्स बंद. बाटली उन्हातल्या गाडीत ठेवू नका, गोठवूही नका.