टाटा टियागो ईव्ही: गिअर नसलेली गाडी कसारा घाटात

२४ किलोवॅट-अवर बॅटरीच्या मॉडेलला ५५ किलोवॅटची मोटर आहे, टॉर्क ११४ न्यूटन मीटर. आकडे बघून घाटाची धास्ती वाटेल, पण चढावर ही गाडी अजिबात दमत नाही. पेट्रोल इंजिन कमी आरपीएमवर बंद पडायला बघतं, म्हणून त्याला क्लच आणि पाच गिअर लागतात. मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. जुन्या स्टॅनले वाफेच्या गाड्यांना गिअरबॉक्स नव्हता, तोही याच कारणाने: बॉयलरमध्ये दाब तयार असला की उभ्या गाडीतही पिस्टनवर पुरा जोर येतो. टियागोत मोटर आणि चाकांमध्ये एकच ठरलेलं रिडक्शन आहे, म्हणजे मोटरचा वेग कमी करून चाकांना देणारी एकच, न बदलणारी जोडणी. रिव्हर्सलाही वेगळा गिअर नाही, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज एसी करून मोटरला देणारा भाग) मोटरच उलटी फिरवतो.

कसारा ते इगतपुरी चढण साधारण ३०० मीटरची. माणसं-सामानासह गाडी दीड टन धरली तर नुसतं वर चढवायला सव्वा युनिट वीज जाते, म्हणजे २४ युनिटच्या बॅटरीचे पाच टक्के. रस्त्याचा आणि हवेचा खर्च वेगळा.

घाटात ट्रॅफिक तुंबलं तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. मोटर फिरत नसताना करंट मोटरच्या तीनपैकी ठरावीक फेजमध्येच (तारांच्या गुंडाळ्यांमध्ये) अडकतो आणि इन्व्हर्टर तापतो. सरळ ब्रेक दाबा.

उतरताना दुसरा गिअर टाकायची सोय नाही, ते काम रीजन करतं, म्हणजे मोटर जनरेटरसारखी चालून गाडीचा वेग रोखते आणि ती वीज बॅटरीत परत भरते. रीजन लेव्हल ३ वर, म्हणजे सगळ्यात जोरदार ठेवा. नाशिकहून निघालात तर इगतपुरीपर्यंत बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते. इगतपुरीतच रात्रभर १०० टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरायला घेतला, तर परत येणारी वीज साठवायला जागा नसते, रीजन जवळपास मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ८५ टक्क्यांवर थांबा.

खरी उणीव महामार्गावर जाणवते. ५५ किलोवॅट आणि ११४ न्यूटन मीटरचा हिशोब केला तर पूर्ण टॉर्क साधारण ४,६०० आरपीएमपर्यंतच टिकतो. त्यापुढे मोटरचा स्वतःचा उलट व्होल्टेज वाढत जातो आणि टॉर्क उतरत जातो. पेट्रोल गाडीत खालचा गिअर टाकून ओव्हरटेक करता येतं, इथे तो मार्ग नाही. ऐंशीच्या पुढे कंटेनर मागे टाकायचा तर समोर भरपूर मोकळा रस्ता हवा.

नाशिकमध्येच द्वारका, मुंबई नाका, रविवार कारंजा एवढंच रोजचं फिरणं असेल तर १९.२ किलोवॅट-अवरचं मॉडेल पुरे. क्लचप्लेटचा खर्च कायमचा सुटतो. रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून रीजन शून्यावर ठेवून दोन-चार वेळा ब्रेक चांगले दाबा. टेस्ट ड्राइव्हला चौघं बसून जा आणि महामार्गावर ६० वरून ९० घेऊन बघा. कॉलेज रोडच्या एका फेरीत ही उणीव कळणार नाही.