खर्च आणि गुंतवणूक: दोन ॲप्स की एकच वही?

खर्च एका ॲपमध्ये आणि गुंतवणूक दुसऱ्यात ठेवावी, की दोन्ही एकाच ठिकाणी मांडावं, हे ठरवायला मला बरीच वर्षं लागली. आधी साधारण तीन वर्षं दोन वेगळी ॲप्स वापरली. मग वर्षभर, सगळी खाती आपोआप गोळा करून एकत्र दाखवणारं एक ॲप. आणि गेली चार वर्षं ग्नूकॅश, म्हणजे संगणकावरची हिशेबाची एकच वही. तिन्ही प्रकारांत काही ना काही चांगलं आहे, आणि तुमची गरज माझ्यासारखीच असेल असं नाही. तरी माझा कल कुठे आहे, हे वाचता वाचता कळेलच. आलेख किती सुंदर, पासवर्ड कसा, फुकट की पैसे भरून, हे कुठेही वाचायला मिळतं, म्हणून ते सोडून देतो.

दोन वेगळ्या ॲप्सची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. खर्चाचं ॲप फोनवर असतं. पैसे देऊन वळेपर्यंत नोंद झालेली असते, आणि नोंद ठेवण्याची सवय लागायला यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. गुंतवणुकीसाठी मी संगणकावर पोर्टफोलिओ परफॉर्मन्स नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. ते मुक्त स्रोताचं आहे, आणि परताव्याच्या हिशेबात त्याचा हात धरणारं मला तरी दुसरं सापडलं नाही.

परताव्याचा हिशेब दिसतो तेवढा सोपा नसतो. समजा वर्षाच्या सुरुवातीला एक लाख टाकले आणि शेवटचा महिना उरला असताना आणखी एक लाख. वर्षअखेरीला दोन लाख अकरा हजार झाले. साधा भागाकार सांगतो साडेपाच टक्के. पण दुसरा लाख कामाला लागून जेमतेम महिना झालेला असतो, आणि तारखा धरून हिशेब केला की वार्षिक परतावा दहा टक्क्यांच्या थोडा वर निघतो. पोर्टफोलिओ परफॉर्मन्स हे आपोआप करतं. शिवाय पैसे केव्हा टाकले याचा परिणाम काढून टाकून, नुसती निवड कशी होती हे सांगणारा दुसरा आकडाही देतं. ज्यांना गुंतवणुकीचा कस लावायचा आहे त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे.

मग अडलं कुठे? दोन ॲप्सच्या मधल्या फटीत.

एका वर्षी पगार वाढला आणि मी दरमहा गुंतवायची रक्कम जवळजवळ दुप्पट केली. महिना संपला आणि खर्चाच्या ॲपने तो आजवरचा सर्वांत खर्चिक महिना म्हणून दाखवला. भला मोठा लाल खांब. खरं तर त्या महिन्यात मी कधी नव्हे एवढी बचत केली होती. बँकेतून पैसे बाहेर गेले म्हणजे ते खर्च झाले, एवढंच त्या ॲपला ठाऊक. गुंतवणुकीच्या ॲपला फक्त पैसे आले एवढंच दिसत होतं, ते कुठून आले याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

यावर उपाय आहेत आणि मी ते सगळे करून पाहिले. 'गुंतवणूक' असा वेगळा गट करून तो बेरजेतून वगळला, तर ॲपमधली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळेना. खर्चाच्या ॲपमध्येच 'गुंतवणूक' नावाचं खातं काढून तिकडे पैसे वळवले, तर त्या खात्यात टाकलेली रक्कम दिसायची आणि दुसऱ्या ॲपमध्ये बाजारभावाची. एकाच गोष्टीचे दोन आकडे. घरात कोणी विचारलं की आपल्याकडे एकूण किती आहे, तर मी दोन पडदे उघडून मनात बेरीज-वजाबाकी करत बसायचो.

उलट्या दिशेने तर आणखी गोंधळ. लॅपटॉप घ्यायला मी एका म्युच्युअल फंडातून साठ हजार काढले. खर्चाच्या ॲपने ते उत्पन्न धरले. त्यातले अठ्ठेचाळीस हजार माझेच जुने पैसे होते, नफा फक्त बारा हजारांचा. वर्षाच्या शेवटी उत्पन्नाचा आकडा फुगलेला आणि खर्चाचाही. बचतीचं प्रमाण काढायला बसलो तेव्हा मला स्वतःच्याच आकड्यांवर भरवसा ठेवता येईना. लाभांशाचंही तसंच. तो एका ॲपमध्ये उत्पन्न म्हणून, दुसऱ्यात परतावा म्हणून. दोन्ही आकडे जोडले की तोच पैसा दोनदा मोजला जायचा.

हे सगळं मी कदाचित आणखी काही वर्षं चालवून घेतलं असतं. ठरलं ते फंडात दरमहा जाणाऱ्या एका हप्त्यामुळे. शुक्रवारी बँकेतून दहा हजार गेले. एरवी मंगळवारपर्यंत युनिट्स, म्हणजे त्या पैशांत मिळणारे फंडाचे हिस्से, जमा व्हायची. त्या वेळी झाली नाहीत, मध्यस्थाकडे काहीतरी अडकलं होतं. खर्चाच्या ॲपच्या दृष्टीने व्यवहार संपला होता, पैसे गेले. गुंतवणुकीच्या ॲपच्या दृष्टीने तो सुरूच झाला नव्हता, युनिट्स नाहीत म्हणजे नोंद नाही. दोघांपैकी कुणाकडेही 'हे दहा हजार वाटेत आहेत' असं म्हणायला जागा नव्हती. अकरा दिवसांनी पैसे बँकेत परत आले तेव्हा मला पत्ता लागला, आणि तेही खर्चाच्या ॲपने ते नवं उत्पन्न म्हणून दाखवलं म्हणून. रक्कम बुडाली नाही, पण अकरा दिवस माझे दहा हजार माझ्याच हिशेबात कुठे नव्हते ही गोष्ट मला फार लागली.

म्हणून मी सगळं एकत्र दाखवणाऱ्या ॲपकडे गेलो. खाती जोडायची, ते माहिती ओढून आणतं, आपण बघायचं. पहिले दोन महिने फार समाधान वाटलं, कारण एकूण मालमत्तेचा एकच आकडा समोर होता. ज्यांना रोज नोंद करणं अजिबात जमत नाही त्यांना मी आजही हे सुचवीन. पण वाटेतल्या पैशाचं दुखणं तिथेही गेलं नाही. कधी त्याला कळायचं की ही दोन खात्यांमधली हलवाहलव आहे, कधी तो खर्च व्हायचा. बँकेने लॉगिनची पद्धत बदलली की जोडणी तुटायची आणि मधले काही दिवस कोरे राहायचे.

शिवाय असल्या सेवेचं आयुष्य आपल्या हातात नसतं. मिंट हे या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. इंट्युट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने ते २००९ मध्ये विकत घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये बंद केलं. कित्येकांचा दहा-दहा वर्षांचा हिशेब तिथे होता. व्यवहार फाइलमध्ये उतरवून घेता आले, पण गट, उद्दिष्टं आणि इतक्या वर्षांत बसलेली घडी दुसरीकडे जशीच्या तशी बसत नाही. त्याआधी मायक्रोसॉफ्ट मनी या घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्रीही २००९ मध्येच थांबली होती. फरक एवढाच की तिथे हिशेबाची फाइल लोकांच्या स्वतःच्या संगणकावर होती.

आता ग्नूकॅश. त्याची पहिली पक्की आवृत्ती १९९८ ची. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं आणि फाइल आपल्याकडेच राहते. पण मला ते पटलं त्याचं कारण याहून जुनं आहे: दुहेरी नोंद. लुका पॅचिओली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात जी पद्धत मांडली, तीच. कीर्द-खतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे एका दुपारी समजेल, बाकीच्यांना आठवडा लागेल. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू. पैसा एका खात्यातून निघाला तर तो दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात पोचलाच पाहिजे. दुसरी बाजू लिहायची राहिली तर ग्नूकॅश ती रक्कम 'असमतोल' नावाच्या खात्यात टाकून ठेवतं आणि ते खातं यादीत डोळ्यांसमोर दिसत राहतं. विसरायला वावच नाही.

माझा हप्ता आता असा लिहिला जातो. शुक्रवारी बँकेतून दहा हजार 'उचंत' खात्यात. उचंत खातं म्हणजे ज्याचा निकाल लागायचा आहे अशा रकमेचं तात्पुरतं घर. मंगळवारी युनिट्स आली की उचंत खात्यातून फंडाच्या खात्यात. तिथे युनिट्स, भाव आणि रक्कम असे तीन रकाने असतात. युनिट्स ४१.२३७ आणि रक्कम दहा हजार लिहिली की भाव, सुमारे २४२.५०, आपोआप निघतो आणि उचंत खातं शून्यावर येतं. या सगळ्यात 'खर्च' हा शब्द कुठेच येत नाही, कारण खर्च झालेलाच नसतो. बचत वाढवलेल्या महिन्यात खर्चाचा खांब जागच्या जागी राहतो.

लॅपटॉपसारखा प्रसंग आला तर साठ हजार बँकेत येतात, त्यातले अठ्ठेचाळीस फंडाच्या खात्यातून आणि बारा 'भांडवली नफा' या उत्पन्नाच्या खात्यातून. ही फोड मी हाताने करतो. पाच मिनिटं जातात, पण करभरणीच्या वेळी तीच नोंद समोर असते.

आणखी एक गोष्ट मला वापरता वापरता कळली. बाजार वर गेल्याने वाढलेलं मूल्य ग्नूकॅश उत्पन्नात धरत नाही. ताळेबंदात ते 'न वसूल झालेला नफा' म्हणून वेगळ्या ओळीत दिसतं. एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये सगळं एकाच आकड्यात मिसळलेलं असायचं. बाजार चढला की मी काहीही न वाचवता श्रीमंत, पडला की काटकसर करूनही गरीब. आता महिन्याचा उत्पन्न-खर्च वेगळा दिसतो आणि बाजाराची भरती-ओहोटी वेगळी. माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे त्या दोन पानांवर स्वच्छ दिसतं.

उणिवा आहेत, आणि काहींसाठी त्या निर्णायक ठरतील. ग्नूकॅश हे मुळात संगणकावरचं काम आहे. मी रोख खर्च फोनवर साध्या टिपणात लिहितो आणि रविवारी संध्याकाळी बसतो. बँकेचा उतारा फाइलच्या रूपात आत घेता येतो, आणि कुठला व्यवहार कुठल्या खात्यात जातो हे ते आधीच्या नोंदींवरून शिकतं. दोन-तीन महिन्यांनी बहुतेक ओळी आपोआप जागेवर बसायला लागल्या. तरी अर्धा तास जातोच. भाव आपोआप आणायची सोय आहे, पण ज्या संकेतस्थळावरून ते येतात तिथे काही बदललं की ती बंद पडते, मग हाताने भरावे लागतात. एकच फाइल एका वेळी दोघांनी उघडणं धोक्याचं, त्यामुळे नवरा-बायको दोघंही रोज नोंद करणार असतील तर हे जमायचं नाही. आणि तारखा धरून वार्षिक परतावा तयार अहवालात मिळत नाही. वर्षातून दोनदा मी आकडे स्प्रेडशीटमध्ये नेऊन एक्स-आय-आर-आर, म्हणजे तारखा धरून वार्षिक परतावा देणाऱ्या सूत्राने तो काढतो. या एका बाबतीत पोर्टफोलिओ परफॉर्मन्स निःसंशय पुढे आहे.

म्हणून जो महिन्याला पन्नास-साठ खरेदी-विक्री करतो त्याने ग्नूकॅशच्या वाटेला जाऊ नये, नोंदी करतानाच तो कंटाळेल. ज्याची गुंतवणूक एखाद-दुसऱ्या ठेवीपुरती आहे त्यालाही एवढ्या खटाटोपाची गरज नसावी, खर्चाचं ॲप पुरेल. पण ज्याचा पगार येतो, दरमहा ठरावीक रक्कम चार-पाच ठिकाणी जाते, मधूनच त्यातून काढावी लागते आणि वर्षाअखेरीला 'नक्की किती वाचलं?' याचं खरं उत्तर हवं असतं, त्याच्यासाठी मला एकच वही बरी वाटते. परताव्याचा आकडा वर्षातून दोनदा बाहेरून काढता येतो. बचतीचा आकडा रोज चुकत असेल तर तो बाहेरून कसा दुरुस्त करायचा, हे मला दोन ॲप्सच्या तीन वर्षांत सापडलं नाही.

करून पाहायचं असेल तर जुनं खणत बसू नका. कुठल्याही महिन्याची एक तारीख धरा, प्रत्येक खात्याची त्या दिवसाची शिल्लक 'आरंभीची शिल्लक' म्हणून लिहा. फंडांसाठी असलेली युनिट्स आणि त्यांत आजवर घातलेली एकूण रक्कम एकाच ओळीत भरा, जुना प्रत्येक हप्ता वेगळा लिहायची गरज नाही. खर्चाची खातीही सुरुवातीला आठ-दहाच ठेवा, फोड नंतर करता येते. उचंत खातं मात्र पहिल्याच दिवशी काढा. महिन्याच्या शेवटी वेळ नसला तर बाकी काही पाहू नका, फक्त त्याची शिल्लक पाहा. शून्य नसेल तर कुठला हप्ता अडकला आहे ते नोंदीतच दिसेल, आणि फोन कुणाला करायचा तेही.