थ्री-एसच ठेवायचं की फोर-एसवर जायचं? खान्देशात मॉन्स्टर ट्रक पळवणाऱ्यांसाठी

चोपड्याहून भाच्याचा फोन होता. त्याच्याकडे रिमोटवर चालणारा १/१० आकाराचा फोर-व्हील मॉन्स्टर ट्रक आहे. ब्रशलेस, ३२०० केव्हीची मोटर, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर म्हणजे ईएससी, आणि थ्री-एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम बॅटरी (फोर-एस म्हणजे चार सेलची). थोडे पैसे साठलेत. "मामा, मोटर आणि ईएससी बदलून फोर-एसवर जाऊ, की आहे त्याच गाडीचं बाकीचं काम करून घेऊ? पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच लागताहेत." फोनवर घाईत जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो. इंटरनेटवर या प्रश्नाची उत्तरं खूप सापडतात, पण बहुतेक थंड देशांतली. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४ अंश असतं, आणि निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी केव्ही. बिनभाराची मोटर एका व्होल्टला मिनिटात किती फेरे घेते, तो आकडा म्हणजे केव्ही. थ्री-एस म्हणजे ११.१ व्होल्ट, त्यावर ३२०० केव्हीची मोटर ३५,५२० फेरे घेईल. तीच मोटर फोर-एसवर, म्हणजे १४.८ व्होल्टवर, ४७,३६० घेईल. पण फोर-एसवर २४०० केव्हीची मोटर बसवली तर फेरे किती? पुन्हा ३५,५२०च.

म्हणजे फोर-एसवर जायचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, वेग वाढवायचा. दुसरा, वेग तेवढाच ठेवून करंट कमी करायचा. ६०० वॅट ताकद ओढताना थ्री-एसची बॅटरी सुमारे ५४ अँपिअर देते, फोर-एसची साधारण ४०. वायर आणि कनेक्टरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिथलं तापणं जवळपास निम्म्यावर येतं. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय. गिरणेच्या कोरड्या पात्रात भुसभुशीत वाळूत थ्री-एसची गाडी आठ-दहा मिनिटं सलग पळवली आणि कव्हर काढलं, तर कनेक्टरचं लाल प्लास्टिक एका बाजूने बसलेलं, आतल्या पितळी पट्टीवरचा सोल्डरचा डाग मऊ होऊन वायर तिरकी झालेली. ईएससी ठीक होता, मोटरही ठीक होती. त्या दिवशी हार कनेक्टरने मानली. जुना चपटा टी-कनेक्टर होता. त्यानंतर मी एक्सटी-९० लावला आणि तो प्रश्न मिटला.

मोटरचं मात्र तसं नाही, आणि इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. फोर-एसची मोटर थंड राहते असं दुकानदार सांगतात. आपल्या गावातल्या पंपाच्या रिवाइंडिंगवाल्याला विचारा, तो लगेच समजावून सांगेल: कमी केव्ही म्हणजे जास्त वेढे आणि बारीक तार. त्याच आकाराच्या डब्यात तांबं जवळपास तेवढंच मावतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला मोटर जवळपास तेवढीच तापते. मोटर थंड ठेवायची तर डबा मोठा घ्यावा लागतो, म्हणजे ३६६० ऐवजी ३६७४. पहिले दोन आकडे मिलिमीटरमधला व्यास, पुढचे दोन लांबी. मोठ्या डब्याचं वजन मात्र गाडीला कायमचं वाहावं लागतं. (मोटर बसवल्यावर उलटी फिरली तर घाबरू नका. शेतातला थ्री-फेज पंप उलटा फिरला की जे करतो तेच करायचं, तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. फक्त सेन्सरवाल्या मोटरला, म्हणजे आतल्या चुंबकाची जागा ईएससीला कळवणारी वेगळी केबल असलेल्या मोटरला, असं करू नये.)

आता उन्हाचा हिशोब. मोटरचं बाहेरचं तापमान ८० अंशांच्या आसपास गेलं की थांबायचं, असा नियम मी पाळतो; त्यापुढे आतल्या चुंबकाची ताकद कायमची कमी होण्याचा धोका असतो. जानेवारीत संध्याकाळी हवा २४ अंश असताना, १३ दाती पिनियनवर (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक), कॉलेजच्या मैदानात सात मिनिटं चालवून थर्मामीटरची गन लावली तर ६३ अंश. म्हणजे हवेपेक्षा ३९ जास्त. हेच ३९ मे महिन्याच्या ४३ मध्ये मिळवा: ८२. गाडी तीच, चालवणारा तोच, मैदान तेच, आणि मोटर हद्दीबाहेर. आणखी एक. गाडी थांबल्यावर पंख्याचा वारा जातो आणि आतली उष्णता बाहेरच्या डब्यापर्यंत येत राहते, म्हणून मिनिटभराने पुन्हा मोजा. खरा आकडा तेव्हा दिसतो.

उपाय स्वस्त आहे. ५६ दाती स्परवर (पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) १३ दाती पिनियन म्हणजे ४.३ चं प्रमाण. ११ दाती लावलं की ५.१. वेग साधारण १५ टक्के घटतो, पण गाडी उठते झटक्यात आणि मोटरला श्वास मिळतो. मॉन्स्टर ट्रकची चाकं मुळातच मोठी, तीच गाडीचं गिअरिंग लांबवतात; वर पिनियनही मोठं लावलं तर मोटर सतत चढावर असल्यासारखी चालते. मी होळीनंतर ११ लावतो, दिवाळीनंतर १३. पिनियन बसवताना पिनियन आणि स्परच्या दातांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर तिच्यावर दाबून स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर घड्या पडलेल्या दिसाव्यात, ती फाटता कामा नये. फाटली तर मेश, म्हणजे दातांची पकड, घट्ट आहे आणि स्पर दोन बॅटऱ्यांत झिजेल. पिनियन धरून ठेवणारा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच आणि निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून.

थ्री-एसच ठेवून उरलेले पैसे कुठे घालायचे, त्याचा माझा क्रम ठरलेला आहे: पोलादी ड्राइव्हशाफ्ट, स्टिअरिंग वळवणारा मेटल गिअरचा सर्व्हो, मोटरवर पंखा, चांगले सील असलेले बेअरिंग. सस्पेन्शनचे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म दिसायला देखणे, पण उडी चुकली की वाकतात आणि वाकलेलेच राहतात. चांगलं नायलॉन वाकून परत येतं. त्यात पैसे घालू नका. शॉकमधलं तेल उन्हाळ्यात एक पायरी घट्ट ठेवा, ३५ चं ४०. पुढच्या डिफमध्येही (डिफरन्शिअलमध्ये) जरा घट्ट तेल टाकलं की वाळूत एकच पुढचं चाक भिरभिरत बसत नाही.

फोर-एसवर गेलं तर हे सगळं करावं लागतंच, कदाचित आधीच. थ्री-एसवर वर्ष काढलेला प्लास्टिकचा ड्राइव्हशाफ्ट फोर-एसच्या पहिल्याच पूर्ण थ्रॉटलला पिळवटून बसलेला मी पाहिलाय. थ्री-एसपुरत्या ईएससीला फोर-एस चुकूनही जोडू नका. पूर्ण चार्ज थ्री-एस १२.६ व्होल्ट असतं, फोर-एस १६.८, तेवढ्यासाठी ते कपॅसिटर नसतात. वेगासाठीच फोर-एस घ्यायचं असेल तर टायरचाही विचार करा. मऊ टायर वेगात फुगून उभे राहतात आणि गाडी डोलायला लागते. मग आतून पट्टा असलेले टायर आले, तो खर्च वेगळा.

जमिनीनुसार उत्तर बदलतं. मैदान, एमआयडीसीतलं काँक्रीट, मुरमाचा रस्ता असेल तर थ्री-एस भरपूर आहे. गिरणा, वाघूर, पांझरेच्या वाळूत रोजच जात असाल तर मोठ्या डब्याची, कमी केव्हीची फोर-एस मोटर, तीही त्याच वेगावर, खरंच सुखाची. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर दोन्ही नको. चाकांना चिकटलेली माती चाकाचं वजन दुप्पट करते आणि ईएससी थर्मलवर जातो, म्हणजे तापून स्वतःच बंद पडतो. आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे कापूस. वेचणीनंतर पऱ्हाट्यांच्या कडेने गाडी नेली की पुंजके मोटरच्या पंख्यात शिरतात आणि मागच्या ॲक्सलला सुतासारखे गुंडाळले जातात. एकदा बेअरिंगचं सील या गुंडाळ्यानेच उचकटून निघालं होतं. रोज कव्हर काढून चिमट्याने ओढून काढा.

सेन्सर हवा का? दगडांवरून हळूहळू चढवायचं असेल तर हवा, कारण सेन्सर नसलेली मोटर कमी वेगात अडखळते. धुळीत उड्या मारायला नको. एक नाजूक केबल कमी.

बॅटरीबद्दल मी हट्टी आहे. फोर-एसचा पॅक मोठा, महाग आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तितक्याच लवकर फुगणारा. गाडीतून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. चार्ज १-सी नेच, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर. आठवडाभर चालवणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. आमच्या बहिणीचं घर धाब्याचं आहे. त्या घरातला आतला कोनाडा भर उन्हाळ्यातही थंड असतो, भाच्याची बॅटरी लोखंडी डब्यात घालून तिथेच ठेवायला सांगितली.

भाचा मुख्यतः शाळेच्या मैदानात चालवतो, तापीच्या वाळूत महिन्यातून एकदा. त्याला मी थ्री-एसच ठेवायला सांगितलं. ११ दाती पिनियन, एक्सटी-९० आणि पुढचे-मागचे पोलादी शाफ्ट त्याने मागवलेत. पार्सल आलं की रविवारी चोपड्याला जातोय. थर्मामीटरची गन मी नेणार आहे, वहीचा कागद त्याच्याकडे आहेच.