अंधेरीच्या मैदानावरचा एक सीझन: मुंबई सिटीसोबत सात महिने

सप्टेंबर 2024 ते मार्च 2025. एवढे सात महिने मी आणि माझी सातवीतली लेक मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघाच्या मागे होतो. अंधेरीतल्या बारा होम मॅचपैकी नऊ आम्ही मैदानात बसून पाहिल्या, बाकीच्या सगळ्या घरी. आता सीझन संपला आहे. डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडची कुणी आई किंवा बाबा पोरांना घेऊन फुटबॉल बघायला जायचा विचार करत असतील, तर त्यांच्यासाठी सगळा अनुभव लिहून ठेवते.

आधी थोडं मागचं. मला फुटबॉल बाबांकडून मिळाला. ऑफिस सुटलं की ते कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचे. 1891 पासूनची रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा त्यांनी वर्षानुवर्षं तिथे पाहिली. नंतर महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघावर त्यांचा जीव जडला. 2005-06 मध्ये महिंद्रने राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा घरात पेढे आले होते, आणि 2010 मध्ये तोच संघ बंद झाला तेव्हा बाबा दोन दिवस नीट बोलले नव्हते. एखादा संघ हरतो तेव्हा पुढच्या शनिवारची आशा असते. संघच उरला नाही तर माणसाने कुठे जायचं, हे त्या वेळी त्यांच्याकडे पाहून कळलं. म्हणून 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी सुरू झाली तेव्हा मी जरा लांबूनच बघत होते. जीव लावावा की नाही, ठरत नव्हतं.

पुढे लागलाच. 2021 मध्ये लीग शील्ड (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) आणि कप (त्यानंतरचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, जिंकणाऱ्याला मिळतो तो) दोन्ही आले, 2023 मध्ये पुन्हा शील्ड आणि 2024 मध्ये पुन्हा कप. पण 2021 चा सगळा सीझन करोनामुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. बिपिन सिंगने फायनलला 90व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा फातोर्ड्यात टाळ्या वाजवायला प्रेक्षक नव्हते. 2023 ची शील्ड पक्की झाली तीही गोव्यातच, एफसी गोवाला 5-3 हरवून. 2024 चा कप जिंकला कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, मोहन बागानला 3-1 ने. म्हणजे चारही वेळा निकाल लागला तो मुंबईबाहेर, आणि चारही वेळा मी डोंबिवलीत टीव्हीसमोर. त्या फायनलच्या रात्री लेक म्हणाली, "आई, आपण एकदा तरी तिथे जाऊया ना." तिथून हे सुरू झालं.

नेमका हा सीझन मात्र पडझडीचा होता. कप उंचावणारा कर्णधार, मुंबईचाच राहुल भेके, बंगळुरूच्या संघात गेला. परेरा दियाझ आणि नोगेराही तिकडेच. अपुइया मोहन बागानमध्ये गेला. मधल्या फळीचा श्वासच गेल्यासारखं झालं. त्यांच्या जागी गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस आला, ग्रीसचा स्ट्रायकर निकोलाओस कारेलिस आला, सीरियाचा थाएर क्रूमा, नेदरलँड्सचा व्हान नीफ. प्रशिक्षक पेत्र क्रात्की तेच होते. नवी नावं लेकीने आठवड्याभरात पाठ केली, मला ऑक्टोबर उजाडला.

पहिली मॅच 13 सप्टेंबरला कोलकात्यात, मोहन बागानशीच. आदल्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं होतं आणि घर सुनं सुनं वाटत होतं. अर्ध्या तासातच 0-2. त्यातला एक गोल आपल्याच बचावपटू तिरीचा, स्वतःच्याच जाळ्यात. पण त्याच तिरीने दुसऱ्या हाफमध्ये एक फेडला आणि 90व्या मिनिटाला क्रूमाने बरोबरी केली. लेक इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या, आणि मग त्याही बसून शेवटची मिनिटं बघून गेल्या.

मैदानात पहिल्यांदा गेलो 2 ऑक्टोबरला, बंगळुरूविरुद्ध. गांधी जयंतीची सुट्टी, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्यामुळे घटाची माती-परडी आणून ठेवूनच घराबाहेर पडले. वाट सोपी आहे: फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून वर्सोव्याची मेट्रो, आझाद नगरला उतरायचं आणि वीरा देसाई रोडने चालत जायचं. पाटीवर शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल असं नाव आहे. रिक्षावाल्याला मात्र 'अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स' म्हटलं की लगेच कळतं. पहिल्याच दिवशी तिकिटाच्या ॲपने गेटचा नंबर चुकीचा दाखवला आणि अख्ख्या संकुलाला उलटी प्रदक्षिणा घालावी लागली. त्यानंतर कायम अर्धा तास हाताशी ठेवून निघालो.

ती मॅच 0-0 झाली. कागदावर कंटाळवाणी. पण टीव्हीवर पंधरा वर्षं मॅच बघून जे कळलं नव्हतं ते त्या संध्याकाळी कळलं. कॅमेरा चेंडूमागे धावतो, तुम्ही मैदानात असता तेव्हा चेंडूपासून लांब काय चाललंय तेही दिसतं. आपला विंगर, म्हणजे कडेने खेळणारा छांगटे चेंडू नसताना किती धावतो! डिफेंडरला एकदा आत ओढतो, एकदा बाहेर, दहा वेळा धावून एकदाच पास मिळतो आणि तरी अकराव्यांदा तितक्याच जोरात धावतो. लेक शाळेच्या संघात विंगवर खेळते. त्या दिवशी तिने बराच वेळ चेंडूकडे पाहिलंच नाही, फक्त त्याच्याकडे पाहत होती. परतीच्या मेट्रोत मला म्हणाली, "सर सांगतात ना 'जागा तयार कर', ते हे आहे होय!" तिकिटाचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

मैदान लहान आहे, जेमतेम सात हजारांच्या आसपास माणसं मावतात, आणि लहान आहे हेच त्याचं वैभव. खेळाडू एकमेकांना हाका मारतात त्या ऐकू येतात. हेडरला दोन डोकी आपटली तर तो आवाजही येतो. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाची पोरं ढोल घेऊन उभी असतात ती नव्वद मिनिटं बसतच नाहीत. त्यांच्याजवळ जागा घेतली तर तुम्हालाही उभं राहावं लागेल. लहान मूल बरोबर असेल तर पहिल्या एक-दोन वेळा थोडं बाजूला बसा, मग मूलच तुम्हाला ओढत तिकडे नेईल. आम्ही चौथ्या मॅचपासून ढोलांजवळ.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण मला हीच धास्ती होती. नऊ मॅचमध्ये एकदाही वावगा स्पर्श की वावगा शब्द अनुभवाला आला नाही. गर्दीत वाट हवी असली की पोरं "काकूंना जाऊ द्या रे" म्हणत बाजूला व्हायची. शिव्या कानावर पडतात, त्या पडणारच. लेकीला आधी सांगून ठेवलं होतं. परतीचा प्रवास हा खरा विचार करण्याचा भाग आहे. साडेसातची मॅच संपते साडेनऊच्या आत-बाहेर, शिटी वाजल्यावर लगेच निघालात तरी डोंबिवलीत दार उघडायला अकरा-सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर आदल्या दिवशीच दप्तर भरून ठेवायचं. पोळीभाजी घरून निघतानाच खाऊन घ्यायची, नाहीतर मेट्रोतून उतरल्यावर.

एक मॅच मी जन्मभर विसरणार नाही: 3 नोव्हेंबर, केरळ ब्लास्टर्स. त्या दिवशी भाऊबीज. भावाला दुपारीच बोलावलं, ओवाळलं, आणि त्यालाच ओवाळणी म्हणून बरोबर घेऊन गेले. मैदानात पिवळे शर्ट इतके की कोण पाहुणा आणि कोण यजमान कळेना. मुंबईतली मल्याळी मंडळी आपल्या संघासाठी येतात, त्यांचं गाणं सुंदर असतं आणि हरताना थांबत नाही. कारेलिसच्या दोन गोलांनी आपण 2-0 वर होतो. मग त्यांनी पेनल्टीवर एक फेडला आणि त्यांच्या पेप्राने हेडरने बरोबरी केली. आनंदात त्याने शर्ट काढला. आधीचं एक पिवळं कार्ड होतंच, दुसरं मिळालं आणि तो मैदानाबाहेर. पिवळा समुद्र एका मिनिटात उसळला आणि त्याच मिनिटात शांत झाला. पाठोपाठ आपल्या नेथन रॉड्रिग्जचा गोल, शेवटी छांगटेची पेनल्टी, 4-2. भावाला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही, त्याचा आवाज दोन दिवस बसला होता. पेप्रा मान खाली घालून बाहेर जात होता तेव्हा लेकीला वाईट वाटलं, हेही नोंदवून ठेवते. मला ते फार आवडलं.

आता वाईट महिने. 26 नोव्हेंबरला पंजाबने अंधेरीत येऊन 0-3 हरवलं. 30 डिसेंबरला नॉर्थईस्टने 0-3. त्यांचा स्ट्रायकर अलाएद्दीन अजारई त्या सीझनला कुणालाच आवरत नव्हता, आपल्या बचावालाही आवरला नाही. 6 जानेवारीला कोलकात्यात ईस्ट बंगालला 3-2 हरवलं, कारेलिसने शेवटच्या मिनिटांत गोल केला, वाटलं गाडी रुळावर आली. सहा दिवसांनी जमशेदपूर अंधेरीत आलं आणि पुन्हा 0-3. स्वतःच्या घरात तीनदा तोच स्कोअर.

तिन्हींना आम्ही मैदानात होतो. माझं मत विचाराल तर दोष एकट्या कुणाचा नव्हता. अपुइया गेल्यावर बचाव आणि आक्रमण यांच्यामधली जागा कोण राखणार, याचं उत्तर सापडतच नव्हतं. चेंडू आपल्याकडे असायचा, पासही सुबक, पण चेंडू हातचा गेला की समोरचा संघ दोन पासांत आपल्या गोलसमोर. कारेलिस खाली येऊन चेंडू मागायचा, मग पुढे कुणीच नसायचं. हे टीव्हीवर इतकं उघडं दिसलं नसतं.

जमशेदपूरच्या मॅचला तिसरा गोल झाल्यावर लोक उठायला लागले. मीही पर्स उचलली. लेक म्हणाली, "ढोल अजून वाजतायत." ती पोरं खरंच वाजवत होती. आम्ही शेवटपर्यंत थांबलो. खेळाडू स्टँडकडे आले, हात जोडले, काहींनी नजर वर केली नाही. त्या रात्री लोकलमध्ये बाबांची फार आठवण झाली. चार-चार चषक मिळाले तेव्हा हा संघ मला आवडत होता. माझा वाटायला लागला तो त्या 0-3 नंतर, घाटकोपरच्या फलाटावर कल्याण फास्टची वाट बघत असताना.

1 मार्चला मोहन बागान अंधेरीत आले. शील्ड त्यांनी आधीच जिंकलेली, स्टँडमध्ये हिरवे-मरून शर्ट भरपूर. पुन्हा 0-2, पुन्हा पिछाडी भरून काढली: आधी तोराल, मग अगदी शेवटी नेथन. सीझनची सुरुवात जशी, तसाच हा निकाल, 2-2. फरक एवढाच की या वेळी शेजारच्या काकूंनी दार वाजवण्याऐवजी आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिट्ट्या मारल्या.

मग कोचीत 0-1. शेवटची लीग मॅच 11 मार्चला बंगळुरूत, एक गुण मिळाला तर सहावं स्थान आणि प्लेऑफ, नाहीतर ओडिशा पुढे. छांगटे आणि कारेलिसच्या गोलांनी 2-0 जिंकलो. 24 मॅच, 9 विजय, 9 बरोबरी, 6 पराभव, 36 गुण. तेरा संघांत सहावे.

आणि 29 मार्चला प्लेऑफमध्ये त्याच मैदानावर त्याच बंगळुरूने 5-0 असं धुतलं. चौथा गोल छेत्रीचा. पाचवा परेरा दियाझचा, ज्याने दहा-अकरा महिन्यांपूर्वी आपल्यासाठी फायनलमध्ये गोल केला होता. लेकीच्या खोलीत त्याचा फोटो अजून लावलेला आहे. तिने तो काढला नाही. "त्याने आपल्याला कप दिला होता ना," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, सकाळी लवकर उठायचं होतं, तरी आम्ही दोघी बारा वाजेपर्यंत जाग्या होतो.

जावं की नाही, तर जावं. फुटबॉल अजिबात माहीत नसला तरी जावं, बाजूला बसलेला कुणी ना कुणी समजावून सांगतो. पहिल्यांदा जाणार असाल तर केरळ किंवा कोलकात्याच्या संघाची मॅच निवडा, कारण दोन्ही बाजूंचा आवाज असतो. मुलांचे कान नाजूक असतील तर कापूस ठेवा. ऑक्टोबरमध्ये घाम निथळतो, म्हणून जर्सीच्या आत आणखी शर्ट घालू नका, डिसेंबर-जानेवारीत परतीला पातळ स्वेटर लागतो. फक्त जिंकताना बघायचं असेल तर घरी टीव्ही पुरेसा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते.

जे टीव्हीवर मिळत नाही त्याची यादी लेकीकडे आहे, तिने वहीत प्रत्येक मॅचचं एक पान केलंय: कोण कुठून धावला त्याचे बाण, स्कोअर, आणि खाली त्या दिवशी बाजूला कोण बसलं होतं. पाडव्याला आजीने दिलेले पैसे तिने नव्या जर्सीसाठी वेगळे ठेवलेत. पाठीवर कुणाचं नाव घ्यायचं यावर ती अडली आहे, कारण छांगटे की नेथन हे तिचं अजून ठरत नाही.